बसल्या जागी पृथ्वीप्रदक्षिणा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एस.टी.च्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले एक काका सुनेच्या आधाराने लंगडत दवाखान्यात आले. वय सदुसष्ट. डाव्या पायाची पोटरी टम्म सुजलेली, हात लावला तर गरम. पाय मुरगळला असेल असे समजून घरच्यांनी दोन दिवस तेल लावून चोळला होता, वर शेकही दिला होता. कुठे पडलात का, विचारले, नाही म्हणाले. लांबचा प्रवास झाला का, विचारले. तर काकांनी मान खाली घातली. सून म्हणाली, "झाला ना डॉक्टर! आइसलँडहून कॅनडाला गेले होते. परवा पोहोचले."

मी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग उलगडा झाला. शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या नातवाने आपला मोठा संगणक घरी ठेवला होता आणि जाताना आजोबांना त्यावरचा एक खेळ शिकवून गेला होता. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान चालविण्याचा हुबेहूब आभास निर्माण करणारा कार्यक्रम. असा पहिला कार्यक्रम 1979 साली ब्रूस आर्टविक यांच्या कंपनीने घरगुती संगणकासाठी बाजारात आणला. त्यात जमीन म्हणजे चार रेघा होत्या. मायक्रोसॉफ्टने 2020 साली काढलेल्या आवृत्तीत मात्र उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केली आहे. त्या घडीला तेथे पाऊस असेल तर पडद्यावरही पाऊस पडू शकतो. काका त्यात सेस्ना 172 हे चार आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते.

सुरुवात त्यांनी जुहूच्या विमानतळावरून केली होती. जे.आर.डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले होते. काका त्याच वाटेने उलटे कराचीला गेले. पुढे आखाती देश, तुर्कस्तान, युरोप, स्कॉटलंड करीत आइसलँड गाठले. तेथून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे कुलुसुक, मग पश्चिम किनाऱ्यावरचे नुक आणि तेथून कॅनडातील इकालुइट, असे तीन टप्पे त्यांनी एकाच दिवसात उरकले. सुमारे दहा तास एका खुर्चीवर!

"मध्ये उठला नाहीत?" मी विचारले.

"विमान हवेत असताना वैमानिक उठून कुठे जाणार, डॉक्टर?" काका अगदी गंभीरपणे म्हणाले. लघवीला उठावे लागू नये म्हणून त्यांनी दिवसभर पाणीही बेताचेच घेतले होते.

डॉपलर सोनोग्राफी केली. शंका खरी ठरली. पोटरीच्या खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झाली होती. लांब पल्ल्याच्या विमानप्रवाशांना ज्याचे भय घातले जाते तो हा आजार. काकांनी जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. आजार मात्र विमानप्रवासाचा झाला.

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम एकट्या हृदयाचे नाही. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. माणूस तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसला की हे दुसरे हृदय बंद पडते. रक्त साचते आणि साचलेले रक्त गोठू लागते. पाणी कमी पडले तर भर पडते. ती गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. काकांचा पाय दोन दिवस चोळला गेला, पण गुठळी जागेवरून हलली नाही, हे नशीब. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तो चोळू नका, शेकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

बसून राहण्याने असे होते हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वी कळले आहे. लंडनवर 1940 साली बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा लोक निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांच्यातील काही जण फुप्फुसात गुठळी अडकून अचानक मरण पावत, याकडे डॉ. कीथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी लक्ष वेधले. पुढे 2003 साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बत्तीस वर्षांच्या माणसाची हकिगत प्रसिद्ध केली. तो दिवसाचे बारा तास, कधी अठरा तासही संगणकापुढे बसत असे आणि गुठळीने मरणाच्या दारातून परत आला. म्हणजे हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार नव्हे. मात्र साठी उलटलेले, स्थूल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर व बाळंत स्त्रिया आणि घराण्यात कुणाला गुठळी झालेली माणसे यांना धोका अधिक.

काकांना रक्त पातळ करणारे औषध सुरू केले, निदान तीन महिने घ्यायला सांगितले. आणि सर्वांदेखत बजावले, "ते विमान आजपासून बंद." सुनेचा चेहरा खुलला. काका काही बोलले नाहीत.

इथे माझी चूक झाली, ती आज कबूल करतो.

महिन्याने काका तपासणीला आले. पायाची सूज उतरली होती, पण माणूसच उतरलेला दिसला. वजन तीन किलोने घटलेले. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. यावेळी सूनच म्हणाली, "डॉक्टर, बाबांना ते विमान पुन्हा सुरू करायला सांगा. निदान बोलत तरी होते."

तेव्हा मी काकांना जवळ बसवून त्या प्रवासाविषयी सविस्तर विचारले. पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते. त्यांनी पिशवीतून वही काढली. आगारात गाड्यांच्या नोंदी ठेवाव्यात तशा नोंदी होत्या: निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, वारा, इंधन, उतरताना झालेल्या चुका. प्रत्येक मुक्कामाच्या गावाची माहिती नातवाकडून फोनवर विचारून लिहिलेली. बायको गेल्यावर चार वर्षे ज्या माणसाला संध्याकाळ खायला उठत असे, त्याला आता उद्या कुठे जायचे आहे हे ठाऊक होते. रोज रात्री नातवाचा फोन येई तोही "आजोबा, कुठवर आलात?" असा. मी एका फटक्यात हे सारे बंद केले होते.

घरातला म्हातारा माणूस भजनाला गेला, पत्ते कुटत बसला तर आपल्याला चालते. संगणकावर विमान उडवू लागला की पोरकटपणा वाटतो. पण हे शिक्षणाचे साधन आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी 1929 साली जमिनीवरच वैमानिक तयार करणारे यंत्र बनविले आणि आजही प्रवासी विमानांचे वैमानिक अशाच यंत्रांवर शिकतात. नकाशा वाचणे, हिशेब मांडणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, चुकले तर पुन्हा करणे, यात मेंदू कामाला लागतो. निवृत्तीनंतर माणसाला गोळ्यांइतकीच एखाद्या कामाची गरज असते, हे आम्ही डॉक्टर मंडळी विसरतो. दोष विमानाचा नव्हता, खुर्चीचा होता.

खरे पाहता छोट्या विमानाची प्रदक्षिणा हीच त्यावरचा उपाय आहे. सेस्ना 172 ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर जाते आणि एका टाकीत फार तर अकराशे-बाराशे किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे तीस-पस्तीस ठिकाणी तरी उतरणे भागच आहे. अमेरिकेच्या जेरी मॉक या 1964 साली एकटीने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या पहिल्या महिला. तीन मुलांची ही आई सेस्ना 180 या विमानातून निघाली. वाटेत कराची, दिल्ली, कलकत्ता येथे उतरली आणि 29 दिवस 11 तास 59 मिनिटांनी कोलंबस या आपल्या गावी परतली. आपल्या मुंबईची आरोही पंडित 2019 साली हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली, तीही आइसलँड, ग्रीनलंड असे थांबे घेत. खरा वैमानिक उतरतो, पाय मोकळे करतो, इंधन भरून घेतो, कागदपत्रे पुरी करतो. आमचे काका मात्र एक कळ दाबून टाकी भरीत आणि लगेच पुढे निघत!

मी त्यांना विचारले, "काका, तुम्ही ड्रायव्हरला दहा तास बिनथांब्याची गाडी दिली असती का?"

"नोकरी गेली असती माझी," ते म्हणाले.

ड्रायव्हरचा विषय निघाला म्हणून सांगतो. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसवरील ड्रायव्हर व कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा शेकडो पायऱ्या चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी आढळला. काकांना हे ऐकून मुळीच नवल वाटले नाही. आगारात पस्तीस वर्षे काढलेला माणूस तो.

मग आम्ही दोघांनी मिळून वेळापत्रक आखले. दिवसाला दीड तासापेक्षा जास्त उड्डाण नाही. पाऊण तास झाला की, विमान हवेत असो वा नसो, खेळ थांबवून उठायचे आणि पाच मिनिटे घरात फिरायचे. बसल्या बसल्या अधूनमधून टाचा व चवडे आळीपाळीने उचलायचे. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. विमान उतरले की टाकी भरण्याची कळ लगेच दाबायची नाही. आधी घरापासून जुन्या आगारापर्यंत चालत जाऊन यायचे, मगच इंधन. येण्याजाण्याची ही अर्धा तासाची चाल आठवड्यातून पाच दिवस झाली तरी दीडशे मिनिटे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला निदान एवढा मध्यम व्यायाम सांगितला आहे. रात्री नऊनंतर उड्डाण नाही, म्हणजे झोप बिघडत नाही.

आणखी दोन गोष्टी. पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. कुणाकुणाला अशा खेळाने मळमळते. डोळे सांगतात विमान वळते आहे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, आपण तर जागेवरच आहोत. या भांडणाने तसे होते. अशा वेळी खेळ थांबवावा, बळेच रेटू नये.

हे केवळ विमान उडविणाऱ्यांसाठी नाही. आपल्या गावात किती जण सिम्युलेटर खेळत असतील? पण दुकानाच्या गल्ल्यावर, शिलाई यंत्रावर, मोबाइलपुढे, मालिकांपुढे चार-चार तास न हलणारे प्रत्येक घरात आहेत. त्यांच्या आवडीवर किंवा पोटापाण्याच्या धंद्यावर बंदी घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांना थांबे मात्र आपण देऊ शकतो.

काकांचे औषध आता थांबले आहे. परवा आगाराच्या फाटकापाशी भेटले. अलास्का मागे टाकून बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडली, आता सैबेरियात आहेत. "मुंबई अजून दूर आहे हो डॉक्टर," म्हणाले. मी म्हटले, "बरेच आहे. सावकाश या." आणि ते इंधन भरायला घराकडे वळले.