भावा, मूर्ती दे की!

अप्रेझलचा सीझन आला की माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींचे फोन वाढतात. सेल्फ-रेटिंगच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो बघा, 'लीडरशिप क्वालिटीज : एक ते पाच'. तीन टाकले तर आपण मठ्ठ, पाच टाकले तर आगाऊ. मग सगळे चार टाकतात! त्यानंतर कंपनी सगळ्यांना बसमध्ये घालून कुठल्यातरी रिसॉर्टवर नेते. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून दोरी पकडायची, पाठमोरं होऊन सहकाऱ्याच्या अंगावर पडायचं, आणि दुपारी बुफे. संध्याकाळपर्यंत सगळे लीडर.

मी थट्टा करत नाहीये. (थोडी करतेय.) पण आमच्या कोल्हापुरात हे शिकवणारी एक जागा आहे. तिथे फी नाही, बुफे नाही, बोलणी मात्र भरपूर खावी लागतात. ती जागा म्हणजे पंचगंगेचा घाट, आणि दिवस घरगुती गणपतींच्या विसर्जनाचा.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बहुतेक घरांतले गणपती गौरीबरोबर जातात. म्हणजे एकाच दुपारी-संध्याकाळी अख्खं शहर डोक्यावर पाट घेऊन पाण्याच्या दिशेने निघतं. त्या गर्दीत टी-शर्टवर बिल्ला लावलेली कॉलेजची पोरं-पोरी उभी असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विनवतात, "मूर्ती नदीत सोडू नका, आम्हाला द्या. निर्माल्य इकडे द्या." शेजारी काहिली मांडलेली असते. काहिली म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची भली मोठी कढई. एरवी गुळाची, त्या दिवशी गणपतीची. ही अस्सल कोल्हापुरी आयडिया आहे. महापालिका आता प्रभागाप्रभागात काहिली ठेवते आणि जमा झालेल्या मूर्ती गाड्यांतून रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत नेऊन सोडते.

अशाच एका गौरी-गणपतीला मी स्टोरीसाठी घाटावर होते. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी काहिलीपाशी उभी होती. समोर साठीच्या काकी, हातात दोन वितीची मूर्ती, मागे मुलगा, सून, नातवंडं.

"आमचा गणपती आम्ही नदीतच सोडणार. तुला काय करायचंय गं?"

मला वाटलं, आता ही पोरगी पीओपी, शिसं, ऑक्सिजन असलं काहीतरी सुरू करणार. तिने यातलं काहीच केलं नाही.

"काकी, आधी आरती करून घ्या. निवांत. मग काहिलीत तुमच्याच हातानं तीनदा बुडवा. आम्ही हात पण लावत नाही."

काकी थांबल्या. आरती झाली. त्या मुलीने टाळ्या वाजवल्या, प्रसादाचं खोबरं खाल्लं. मूर्ती काहिलीत गेली. जाता जाता काकींनी तिला विचारलं, "जेवलीस का?"

नऊ-दहा मिनिटांचं प्रकरण. नंतर मी तिला विचारलं, की हे कुणी शिकवलं? म्हणाली, "गेल्या वर्षी मी प्रदूषणावर लेक्चर दिलं होतं. एकानेही मूर्ती दिली नाही!"

आता हे तुमच्या ऑफिसशी ताडून बघा. टीम लीडर सांगतो आणि आपण ऐकतो, कारण आपली इन्क्रीमेंट त्याच्या हातात असते. या मुलीच्या हातात काय होतं? पगार नाही, पद नाही, पोलिसाची काठी नाही. समोरच्याची श्रद्धा खरी आहे हे मान्य करून, त्याला न दुखवता, त्याची वर्षानुवर्षांची सवय बदलायची. आणि नकार मिळाला तर पुढच्या माणसाकडे तेवढ्याच हसऱ्या चेहऱ्याने वळायचं, कारण रांग थांबत नाही. कुठल्या रिसॉर्टवर शिकवतात हो हे?

हे मागणं काल-परवाचं नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या काळापासून विसर्जित मूर्तींचं दान मागत आले आहेत. सुरुवातीला 'धर्मात ढवळाढवळ' म्हणून त्यांच्यावर चिक्कार आरडाओरडा झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली 2010 मध्ये आणि सुधारली 2020 मध्ये. गेल्या काही वर्षांत पंचगंगा घाटावर बॅरिकेड्सही लागली. त्यावरून वाद झाले, अजूनही होतात. पण बॅरिकेड लावणं सोपं असतं, कारण ते बोलत नाही. माणसाला माणसाने थांबवायचं काम या पोरांनी केलंय.

आता जरा कडू बोलते. पंचगंगा मूर्तींमुळे मेलेली नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली ही नदी शहराजवळ येते तेव्हा तिला जयंती नाला भेटतो, दुधाळी नाला भेटतो. पुढे कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं पाणी, आणि मग नृसिंहवाडीला कृष्णा. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न इथल्या कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेला. कसबा बावड्याला दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटर क्षमतेचं सांडपाणी केंद्र उभं राहिलं. तरी उन्हाळ्यात नदी काळी पडल्याचे आणि मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतात ते येतातच. गणपती वर्षातून एकदा येतो, नाला 365 दिवस वाहतो.

मग पोरांना काहिलीपाशी उभं करणं म्हणजे मोठ्यांनी आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकणं नाही का? हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो. नाल्याचं पाणी थेट नदीत सोडणाऱ्याला कुणी बिल्ला लावून विनवत नाही, "काका, द्या की!"

पण घाटावर एकदा उभा राहिलेला पोरगा पुढच्या वर्षी नाल्याबद्दल विचारायला लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. पहिल्या वर्षी तो बिल्ला लावतो आणि सेल्फी काढतो. दुसऱ्या वर्षी त्याला कळतं की प्लास्टिकची पिशवी निर्माल्यात आली तर खत होत नाही, म्हणून तो घरोघरी आधीच सांगत फिरतो. आणि तिसऱ्या वर्षी तो विचारतो, "नदी आपण स्वच्छ ठेवायची म्हणता, मग पलीकडे ते फेसाळ पाणी कुठून येतंय?" त्याला उत्तर द्यायला कुणी तयार नसतं. तिथून पुढे माहितीचा अधिकार, अर्ज, स्मरणपत्र, वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या. माझ्या मते लीडर तयार होतो तो इथे. फोटोत मात्र ही स्टेज येत नाही.

वरच्या खुर्चीतल्या माणसाने मनावर घेतलं तर काय होतं, तेही कोल्हापूरने पाहिलंय. डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी आयुक्त असताना 2019-20 मध्ये दर रविवारी स्वच्छता मोहीम चालायची. साहेब स्वतः नाल्यात उतरायचे, बरोबर संस्था आणि कॉलेजची मुलं. रविवारी सकाळी सातला उठणारं तरुण कोल्हापूर हे दृश्य मिसळीच्या दुकानाबाहेर कधी दिसलं नव्हतं! 2020 मध्ये त्यांची बदली झाली. अधिकारी जातातच. खरी परीक्षा त्यांच्या पुढच्या रविवारी असते. आपणहून कोण येतो, फावडी कुणाच्या घरी ठेवलीत हे कुणाला माहीत असतं, चहाचे पैसे कोण देतो. ज्या ग्रुपमध्ये याची उत्तरं असतात तो टिकतो.

ही उत्तरं कोल्हापूरला तशी नवी नाहीत, कारण आमच्याकडे तालमी आहेत. पेठेतली तालीम म्हणजे फक्त कुस्ती नाही. फुटबॉल टीम तिची, गणपती तिचा, आणि रात्री-बेरात्री कुणाच्या घरी दुखणं निघालं तर धावणारी पोरंही तिचीच. 2019 चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पंचगंगा 55 फुटांच्या वर! मी तेव्हा मास कॉम करत होते. 'व्हाईट आर्मी'चे जवान बोटी घेऊन पाण्यात होते, आणि गल्लोगल्ली मंडळांची पोरं भाकऱ्या गोळा करत होती. कुणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे याची यादी त्यांना पाठ होती. हीच पोरं पाणी उतरल्यावर गाळ उपसायला पुन्हा हजर. 2021 च्या जुलैला परत पूर, परत तीच.

माझी एक जुनी तक्रारही इथेच नोंदवते. तालमीच्या कट्ट्यावर मुली नसतात. नेतृत्वाची ही जुनी शाळा अर्ध्या शहराला बंदच आहे. पर्यावरणाच्या कामात मात्र मुली नुसत्या दिसत नाहीत, तर त्याच ठरवतात आणि पोरं टोपल्या उचलतात. काहिलीजवळची ती मुलगी मला म्हणाली, "आमच्या पेठेतली पोरं आधी मला बघून हसायची. आता गाडी कधी येणार ते मला विचारतात." माझ्या दृष्टीने त्या दिवसाची बातमी हीच होती.

होळीचंही तसंच. 'होळी लहान, पोळी दान' ही हाक अंनिसची. कोल्हापूरने त्यात आपलं एक जोडलं, शेणी दान. आमच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि त्याला शेणी लागतात. मग होळीत जाळायच्या शेणी मंडळं टेम्पोत भरून स्मशानभूमीला देतात. करोनाच्या काळात या शेणींची किंमत शहराला कळली. वीस वर्षांच्या पोराला सणाच्या दिवशी स्मशानात शेणी रचायला लावणारं दुसरं ट्रेनिंग मला तरी माहीत नाही.

राहता राहिलं एनएसएस. 1969 पासूनची योजना, दोन वर्षांत 240 तास. बरेच जण तास भरतात, सर्टिफिकेट घेतात, सीव्हीत एक ओळ टाकतात. चालायचंच! ढकलत नेलेल्या शंभरातले पाच-सात जण जरी चटक लागून परत आले तरी मला चालतील. मला खरी काळजी त्यानंतरची वाटते. ही पाच-सात जण तेविसाव्या वर्षी हिंजवडीची बस पकडतात. तिथे पावसाळ्यात कंपनी टेकडीवर नेते, एकेक रोप हातात देते, ड्रोनने फोटो काढते. मे महिन्यात त्या रोपाला पाणी कोण घालणार, हे एचआरला कुणी विचारत नाही. ज्याने घाटावर काकींना थांबवलं, त्याला ते विचारता यायला हवं ना? पण ऑफिसात तो गप्प बसतो आणि फॉर्ममध्ये चार टाकतो.

तर मंडळी, यंदा गौरी-गणपतीला घरी याल. यालच, रजा आधीच टाकलेली असेल. आपल्या प्रभागातली काहिली कुठे आहे ते बघून ठेवा, आणि मोदक खाऊन दुपारी लोळण्यापूर्वी दोन तास तिथे उभं राहून बघा. बहुतेक तुम्हाला सूचना देणारी मुलगी तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. ती सांगेल तिथे उभे राहा. आणि हो, निर्माल्याची पिशवी कापडी आणा. प्लास्टिकची दिसली तर ती सगळ्यांसमोर परत हातात देते.