दप्तरे आहेत, वाचणारे कोठे?

मराठा समाजातील जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांत धूळ खात पडलेली दप्तरे पुन्हा उघडली गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या निघाल्या, जमिनीची पत्रके निघाली. पण त्यांतील बराचसा मजकूर मोडीत, तर मराठवाड्यात उर्दूतही होता. ज्या तरुणाचे शिक्षण वा नोकरी त्या पानावर अवलंबून, त्याला आपल्याच पणजोबांचे नाव वाचता येईना!

मोडी ही काही परकी लिपी नव्हे. छापण्यास बाळबोध आणि लिहिण्यास मोडी, अशी वाटणी महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही, खरेदीखत, वाटणीपत्र, तीर्थोपाध्यायाच्या वहीतील वंशावळ, सारे मोडीतच. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरीचे कागद मुके झाले.

मुळाक्षरे गिरविली की कागद वाचता आला, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मोडीत ओळ प्रथम आखली जाते आणि तिच्याखाली अक्षरे एका हाताने सलग ओढली जातात. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने ‘सुत’ आणि ‘सूत’ एकसारखेच दिसतात. पुत्र की धागा, हे संदर्भानेच ठरवावयाचे. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे. बोरू जाऊन टाक आल्यावर अक्षर आणखी बदलले. त्यात कालगणनेची अडचण. ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ हे शब्द म्हणजे अरबीतील दोन, पन्नास, शंभर व हजार. अर्थात शुहूर सन ११५२. त्यात ५९९ वा ६०० मिळवावे, तेव्हा इसवी सन १७५१-५२ हाती येते. हे गणित ज्याला ठाऊक नाही तो आजोबाला नातू ठरवील.

म्हणूनच चुकीचे वाचन हे न वाचण्याहून अधिक घातक होय. जातीच्या रकान्यातील एक अक्षर चुकले तर खऱ्या हक्कदाराचा दाखला नाकारला जाईल अथवा हक्क नसलेल्यास तो मिळेल. वाटणीपत्रातील एक नाव चुकले तर भाऊबंदकीचा जुना दावा नव्याने उभा राहील.

या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा उज्ज्वल आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद जमविले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. परंतु तेथे मुख्य दृष्टी राज्याच्या इतिहासाची होती. पाटलाची, कुळाची, बलुतेदाराची नोंद रुमालातच राहिली. आज गरज आहे ती नेमकी त्याच नोंदीची.

मग करावयाचे काय? शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात, हे स्तुत्य आहे. पण थोड्या दिवसांच्या वर्गाने अक्षरओळख होते. वाचक घडण्यास वर्षे लागतात. इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात मोडीला कायमचे स्थान हवे. ज्या नोंदीवर कुणाचा हक्क ठरतो, ती दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी. लिप्यंतरासोबत मूळ पानाचे छायाचित्र जोडावे. संशयित अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकण्याचा प्रामाणिकपणा वाचकाने दाखवावा आणि कचेरीने तो मान्य करावा. संगणकाला मोडी शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचेही स्वागत करावे. परंतु यंत्राने वाचलेले बरोबर की चूक, हे सांगणारा माणूस उरला नाही, तर त्या वाचनावर विसंबणार कोण?

आपत्ती आल्यावर जाणकारांची शोधाशोध करणे ही आपली जुनी खोड आहे. नोंदींचा हा प्रश्न उद्या कदाचित मिटेल. दप्तरे मात्र राहतील. कागदाला वाळवी लागते हे सर्वांना दिसते. वाचणाऱ्यांची पिढी सरत चालली आहे, हे मात्र नोंद अडल्याखेरीज कुणाच्या ध्यानी येत नाही.