मुखडा आणि एक अंतरा

दिवाळी पहाटेच्या जाहिराती झळकू लागल्या की एक गोष्ट नजरेत भरते. गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'सारेगमप फेम' किंवा 'इंडियन आयडॉल फेम' असं काहीतरी असतंच. पूर्वी तिथे गुरूचं नाव असायचं, फार तर आकाशवाणीचा उल्लेख. यावर नाकं मुरडणं सोपं आहे, आणि आम्हा दिवाळी अंकवाल्यांना तर ते विशेष जमतं. पण ऑडिशनच्या रांगेत पहाटेपासून उभी राहणारी पोरं काय बघून येतात, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

ती रांग एकदा जवळून बघावी. छातीवर नंबर चिकटवलेला, कानाशी मोबाइलमधला तानपुरा, तोंडात खडीसाखर. मागे आई डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. कुणी भिंतीकडे तोंड करून काळी चारचा सा पक्का करतंय, तर कुणी ऐन वेळी पट्टी अर्ध्या सुरानं खाली घ्यावी का यावर वडिलांशी कुजबुजत वाद घालतंय. आत गेल्यावर मुखडा आणि एक अंतरा, बस्स. पुष्कळदा तेवढाही नाही. मुखड्यावरच परीक्षकांचा हात वर होतो. तरी पुढच्या वर्षी त्यातली निम्मी पोरं पुन्हा येतात.

पैसा आणि नाव हवंच असतं. पण मला वाटतं, खरी ओढ आहे ती बिनओळखीच्या माणसानं ऐकावं याची. गावात कौतुक करणारे सगळे आपलेच असतात. मुंबईत कुणाला ओळखत नसलेल्या माणसालाही त्या दारातून आत जाता येतं. 2008-09 च्या मराठी 'लिटिल चॅम्प्स'ची शेवटची पाच नावं आठवा: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. मुंबईचं एकही नाही. कार्तिकी जिंकली, पण लोकांनी पाचही जणांना घरचं मानलं. पुढे 2021 मध्ये हीच पाच जणं त्याच स्पर्धेत ज्युरी म्हणून बसली. हिंगणघाटची वैशाली माडे मराठी 'सारेगमप' जिंकून थांबली नाही. 2009 मध्ये तिनं हिंदीतली स्पर्धाही मारली आणि 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालच्या बरोबरीनं 'पिंगा' गायली. श्रेयाही लहानपणी 'सारेगम'मधूनच पुढे आलेली. आणि हरलेल्यांचं म्हणाल, तर 2005 च्या 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडलेला अरिजित सिंग आज कुठे आहे ते सांगायला नको.

तेव्हा या स्पर्धांनी गळे बिघडवले, ही तक्रार मला पटत नाही. 'सारेगमप'च्या मंचावर कमलेश भडकमकरांच्या वाद्यवृंदासोबत आठवडेच्या आठवडे गायला मिळणं ही तालीम गावातल्या क्लासात कुठून मिळणार? माझी तक्रार वेगळी आहे. इतकी वर्षं इतके तयार गळे आले, ते गायले काय? बहुतेक वेळा आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या आवडीची गाणी.

याला कारण आहे. मत मागायचं तर गाणं ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीत ओळखू यायला हवं. मतांच्या खेळात अनोळखी चाल घेऊन उतरणं म्हणजे आपल्या हातानं घरी जाणं. स्पर्धा संपल्यावरही सुटका नाही. कॅसेट-सीडीचा धंदा बसला तो याच काळात, त्यामुळे पोट स्टेजच्या कार्यक्रमांवर. आणि तिथे फर्माईश येते ती टीव्हीवर गाजलेल्या त्याच गाण्याची. चाल लावणाऱ्या मुलासाठी, गीत लिहिणाऱ्या मुलीसाठी असं दार कुणी उघडलेलं नाही. पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाकडे बघा: कॉलेजची मुलं बहुधा स्वतःच लिहिलेली एकांकिका घेऊन उतरतात, म्हणून तिथून नट येतात तसे नाटककार आणि दिग्दर्शकही येतात. गाण्याच्या स्पर्धेतून मात्र फक्त गळा येतो.

आणि नवं गाणं लोक ऐकत नाहीत, असं कुणी म्हणू नये. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीनं 'गीतरामायण' सुरू केलं तेव्हा त्यातलं एकही गाणं कुणाच्या ओळखीचं नव्हतं. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाल लावत होते, दर आठवड्याला नवं गाणं, वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न. लोक रेडिओभोवती बसून ऐकत होते. गदिमा-बाबूजी रोज जन्मत नाहीत, हे खरं. पण त्यांनाही आठवड्याची ठरलेली वेळ कुणीतरी दिली होती, हेही तितकंच खरं.

म्हणून यंदाच्या दिवाळी पहाटेच्या आयोजकांना एक सुचवणी. तीन तासांतली पंधरा मिनिटं बाजूला काढा. गावातल्याच कुणा पोरानं लावलेली, अजून कुणीही न ऐकलेली चाल त्या नामांकित गायकाकडून गाऊन घ्या. एरवी त्यांनाही ती संधी क्वचितच मिळते. लोक उठून जातील, असं आयोजक म्हणतील. जातील थोडे. तेवढ्यात त्यांचा चहा होईल आणि पुढच्या गाण्याला खुर्च्या पुन्हा भरतील.