बर्फाचा गोळा

आमच्या मालवणात हिम पडत नाही. लहानपणी बर्फ म्हणजे जत्रेतला रंगीत गोळा, नाहीतर बंदरावर मासळीत घातलेला चुरा. शेजारचे काका १९४१ साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये होते. सुट्टीवर आले की आम्ही विचारायचो, "काका, तिकडे बर्फ फुकट मिळतो?" एकदा त्यांनी मोजा काढला. हिमदंशाने पायाची दोन बोटे गेली होती.

"बरफ गोड नसता रे झिला, तो बोटां खाता."

१९८४ पासून सियाचीनवर आपले जवान पहारा देत आहेत. आज आमची मुले मनालीला बर्फात खेळायचा हट्ट धरतात. खुशाल न्यावे. पण निघण्यापूर्वी आपल्या वस्तीतल्या एखाद्या निवृत्त फौजीला मुलांसमोर बोलते करावे, एवढीच विनंती.