माग मोडल्याविना नक्षी बदलावी

जॅकार्ड मागावरील नक्षी बदलण्यासाठी माग मोडावा लागत नाही. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की पुरते. चादरींच्या सोलापुराला हे सांगावयास नको.

संगणकाच्या मुक्त कार्यप्रणालीपुढे हाच प्रश्न आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये अशा प्रणालीची घोषणा केली. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचा लिनक्स आला. मूळ संहिता बदलण्याचा हक्क सर्वांना मिळाला. परंतु प्रत्येक बदलासाठी प्रणालीचे पुनर्संकलन करावे लागले, तर हा हक्क मूठभर तज्ज्ञांपुरताच उरतो. 1948 च्या कूळकायद्याने हक्क दिला. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाच्या पदरी तो सहजासहजी पडला नाही.

लिनक्सच्या गाभ्याला 1995 पासून चालू स्थितीतच नवे घटक जोडता येतात. अनेक मांडण्या साध्या मजकुराच्या फायलींत असतात. मात्र त्यांतील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. सात रस्त्यावरच्या टंकलेखनाच्या दुकानातील कामगाराला त्याचा उपयोग काय?

म्हणून शाळा व सरकारी कचेऱ्यांत मुक्त प्रणाली मागताना कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर थांबू नये. कळफलक, भाषा व पडदा वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावा, आणि त्याची माहिती मराठीत मिळावी, ही मागणीही सोबत ठेवावी.