तयार पट्टीवर भरवसा नको, माप घ्या

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हरची तयार पट्टी आणायची, घरी प्लायची पेटी ठोकायची आणि स्पीकर झाला म्हणायचे, असा शौक आपल्या काही तरुण कारागिरांना आहे. पेटीचे काम सुबक असते, आवाज मात्र कानाला टोचतो. माझ्या मते पुष्कळदा खोट त्या पट्टीत असते.

क्रॉसओव्हरचे काम वाटणीचे. जाड आवाज वूफरला, बारीक ट्वीटरला. पुस्तकी हिशेब सोपा आहे: ८ ओहम आणि ३,००० हर्ट्झ धरले, तर ट्वीटरला सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. पण ८ ओहम हा नुसता छाप आहे. खरा ओहम स्वरागणिक बदलतो. वूफरचा तर उंच स्वराला चढत जातो, म्हणून कॉइल त्याला पुरेशी रोखत नाही. थानावर पन्हा छापलेला असला तरी आम्ही कापडवाले गज लावतोच ना?

पेटीची रुंदीही आवाज बदलते, म्हणून माप पेटीत बसवूनच घ्यावे. आरईडब्ल्यू हा संगणकाचा प्रोग्राम फुकट मिळतो. खर्च मापाच्या माइकचा. विकायला स्पीकर बनवणाऱ्याने तो आधी घ्यावा, महागडा ट्वीटर नंतर. सुरुवात दोनच स्पीकरांनी करा, तीनच्या भानगडीत पडू नका. मग ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडून आलेख काढा. वाटणीच्या जागी खोल खड्डा पडला, तर सरळ जोडणीत दोघांचा मेळ बसला असे समजा.