हुशार गुमास्ता

परवा वरवे बुद्रुकला आत्याकडे जाऊन आलो. पुण्याहून सातारा रस्त्याला लागावे, खेड-शिवापूर मागे टाकावे, की थोड्याच वेळात माणूस तिच्या ओसरीवर टेकतो. गाव इतके जवळ, तरी दिवाळीखेरीज मी तिकडे फिरकत नाही, हे आधीच कबूल करतो.

आत्याला रक्तदाबाचा विकार आहे. आमचे आतेबंधू बंगळुरास असतात. त्यांनी तिच्या मोबाइलमध्ये एक गुमास्ता बसवून दिला आहे. गुमास्ता म्हणजे माणूस नव्हे बरे का! आपल्या वतीने विचारपूस करणारी, उत्तरे टिपून ठेवणारी ही संगणकाची हुशार प्रणाली. रोज सकाळी आठ वाजता तो शुद्ध मराठीत विचारतो, "आजी, गोळी घेतलीत का?" आत्या म्हणते, "घेतली." लगेच बंगळुरास चिरंजीवांच्या फोनवर हिरवी खूण उमटते. चिरंजीव निर्धास्त, आणि त्यांच्या भरवशावर मीही!

त्या दिवशी माझ्यासमोरच आठ वाजले. आत्याने "घेतली" म्हणून सांगितले, फळीवरचा डबा काढला आणि सुरीने गोळीचे दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, दुसरा कागदात गुंडाळून ठेवला.

"हे काय गं, आत्या?"

"सबंध घेतली की उठताना गरगरतं रे. अर्धीवर बरं वाटतं."

"मग त्याला सांगितलं नाहीस?"

"त्यानं विचारलं, घेतली का. घेते की! अर्धी का सबंध, हे कुठं विचारलं त्यानं?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

मी गप्प बसलो. दुपारी तिला नसरापूरला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिचा रक्तदाब आधी बसवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. त्यांनी औषध बदलून दिले आणि बजावले, "आजी, गोळी आपल्या मनानं मोडायची नाही. काही गोळ्या मोडल्या की त्यांचा गुणच बदलतो."

परतताना यंत्राला चार शिव्या हासडाव्यात असे मनात आले. पण मुंबईची एक हकीकत आठवली. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली स्थापन केलेली 'अरमान' ही संस्था गर्भवतींना आणि बाळंतिणींना फोनवरून आरोग्याचे मोफत निरोप ऐकवते. या योजनेचे नाव 'एममित्र'. पुष्कळ बायका मध्येच निरोप ऐकायचे सोडतात. प्रत्येकीला स्वतः फोन करून समजावायचे, तर तेवढी माणसे आणायची कुठून? तेव्हा प्रा. मिलिंद तांबे आणि गूगलमधील त्यांचे सहकारी, तसेच मद्रासच्या आय. आय. टी.चे संशोधक यांनी संस्थेबरोबर एक प्रणाली रचली. कोणती बाई किती निरोप ऐकते हे पाहून, या आठवड्यात कुणाला फोन केला तर खरोखर फरक पडेल, याची ती यादी काढून देते. नेमाने ऐकणारीचे नाव त्यात सहसा नसते. आज एक शब्द बोलले तर जी टिकेल, तिचे असते. 2021 साली सुमारे 23,000 बायकांवर याची परीक्षा झाली, तेव्हा ऐकण्यातली गळती जवळजवळ 30 टक्क्यांनी घटली.

आता यातली मेख पाहा. तो मुंबईचा गुमास्ता बाईशी स्वतः बोलत नाही. तो यादी माणसाच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "हिला आज फोन करा." आमच्या घरचा गुमास्ता मात्र रोज हिरवी खूण दाखवून सांगत होता, "आज फोन करायची गरज नाही." यात दोष त्याचा नव्हे. आम्ही त्याला नेमलाच होता मुळी त्यासाठी!

वाचकहो, आपल्याही घरी असा गुमास्ता आला असेल किंवा येईल. येऊ द्या. गोळीची वेळ तो आपल्याहून चांगली पाळील. मात्र त्याच्यामुळे आपला फोन वाढला की बंद पडला, तेवढे महिन्यातून एकदा तपासावे.

निघताना मी आत्याला म्हटले, "आता दर रविवारी सकाळी फोन करीन."

"कर की," ती म्हणाली, "पण आठला नको हं. तेव्हा त्याचा फोन असतो."